तेवीस वर्षे आणि सहा दिवस : लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांचे जीवन व सेवा

(द्वितीय वर्ष कला, इतिहास)

प्रास्ताविक

आपल्याकडे वीरपुरुषांची चरित्रे बहुधा शेवटून सुरुवातीकडे लिहिली जातात. रणांगणावरील अखेरचा क्षण आधी ठरलेला असतो आणि बालपणापासूनच्या साऱ्या गोष्टी त्या क्षणाकडे बोट दाखवण्यासाठीच घडल्या, असे वाचकाला वाटू लागते. अशा लेखनाने अंगावर रोमांच उभे राहतात यात शंका नाही. पण ते वाचून झाल्यावर हाती काय उरते? वीर हा जन्मतःच वीर असतो, आपण तसे नाही, तेव्हा हात जोडावेत आणि पान उलटावे, एवढेच.

प्रस्तुत लेखात एका घोडदळ अधिकाऱ्याच्या जीवनाचा निराळ्या दृष्टीने विचार करण्याचा प्रयत्न आहे. लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर, परमवीरचक्र, यांचे नाव ज्या पराक्रमासाठी घेतले जाते तो ११ ते १६ सप्टेंबर १९६५ या सहा दिवसांत घडला. तथापि १ जानेवारी १९४२ रोजी त्यांनी कमिशन घेतले, तेव्हापासून १६ सप्टेंबर १९६५ पर्यंत त्यांची सेवा तेवीस वर्षांहून अधिक भरते. सहा दिवसांची कथा सर्वांना ठाऊक असते, तेवीस वर्षांबद्दल कुणी विचारत नाही. वस्तुतः ती वर्षे समजल्याशिवाय हे सहा दिवसही समजत नाहीत, असे मला वाटते.

तारापूर, मुंबई, हैदराबाद, पुणे

अर्देशीर यांचा जन्म १८ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. घरात व मित्रांत त्यांना ‘आदी’ म्हणत. तारापोर हे आडनाव उत्तर कोकणातील तारापूर या गावावरून आले. आज हे गाव अणुविद्युत केंद्रामुळे सर्वांना माहीत आहे. या घराण्याचे पूर्वज रतनजीबा हे छत्रपती शिवाजी महाराजांच्या सैन्यात होते, त्यांना शंभर गावांची मनसब मिळाली आणि त्यांत तारापूर हे मुख्य गाव होते, अशी परंपरा घराण्यात सांगितली जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने परंपरा आणि कागद यांतील फरक विसरू नये. पण एखादे कुटुंब स्वतःविषयी कोणती गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगत राहते, यालाही अर्थ असतो. तारापोरांच्या घरात मुलांना जी गोष्ट सांगितली जाई ती तलवार गाजवणाऱ्या पूर्वजाची होती.

आजोबांच्या काळी हे कुटुंब हैदराबादला गेले आणि निजामाच्या अबकारी खात्यात चाकरीला लागले. वडील फार्सी व उर्दूचे जाणकार असून तेही संस्थानच्या नोकरीत होते. म्हणजे तलवारीच्या परंपरेचे हे घर प्रत्यक्षात दोन पिढ्या लेखणीवर चालले होते. अर्देशीर यांना सातव्या वर्षी पुण्याच्या सरदार दस्तूर मुलांच्या निवासी शाळेत घातले गेले. अभ्यासात ते फार चमकले असे नाही, मात्र खेळात पुढे होते. शाळेचे कप्तानपद त्यांच्याकडे आले आणि १९४० साली ते मॅट्रिक झाले.

त्यांच्या लहानपणीची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. घरची गाय दावे तोडून बहिणीच्या अंगावर धावली, तेव्हा सहा वर्षांचा हा मुलगा हातात काठी घेऊन मध्ये उभा राहिला. गोष्ट गोड आहे, पण तिच्यावर मी फार भार देणार नाही. आमच्याकडे खेड्यात गुरे वळणाऱ्या कितीतरी पोरांनी असे केले असेल. त्यांतले सारेच काही परमवीर झाले नाहीत.

निजामाच्या सैन्यातील अधिकारी

मॅट्रिक झाल्यावर अर्देशीर हैदराबाद संस्थानच्या सैन्यात दाखल झाले. गोवळकोंडा व नंतर बंगलोर येथे शिक्षण पुरे करून १ जानेवारी १९४२ रोजी ते सातव्या हैदराबाद पायदळ पलटणीत अधिकारी झाले. त्यावेळी त्यांचे वय अठरा वर्षांचे, म्हणजे आज माझे जे वय आहे त्याहून एका वर्षाने कमी होते.

पायदळात त्यांचे मन रमेना. त्यांना घोडदळात, म्हणजे त्यावेळच्या चिलखती दलात जायचे होते. ही बदली त्यांना मिळाली ती एका अपघातामुळे. संस्थानी सैन्याचे सेनापती मेजर जनरल एल एद्रूस हे पलटणीची पाहणी करीत असता हातबॉम्ब फेकण्याचा सराव चालू होता. एका नवशिक्या शिपायाचा हात कचरला आणि पिन काढलेला बॉम्ब जवळच पडला. तारापोर यांनी उडी घेऊन तो उचलला व भिरकावला. तो हातातून सुटतो न सुटतो तोच फुटला आणि त्याचे तुकडे त्यांच्या छातीत घुसले. प्रकृती सुधारल्यावर सेनापतींनी त्यांना बोलावून त्यांची वाखाणणी केली. अशा वेळी दुसऱ्या कुणी बढती मागितली असती. तारापोर यांनी बदली मागितली. त्यांना पहिल्या हैदराबाद इंपीरियल सर्व्हिस लान्सर्समध्ये घेण्यात आले, आणि या रेजिमेंटबरोबर दुसऱ्या महायुद्धात त्यांनी मध्यपूर्वेत सेवा केली.

या प्रसंगात बॉम्ब उचलण्याच्या धाडसापेक्षा मला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्याच्या हातून चूक झाली तो एक साधा रंगरूट होता आणि अधिकारी त्याच्यासाठी पुढे झाला. हाताखालच्या माणसाची चूक आपल्या छातीवर घेणे, ही तारापोर यांच्या सेवेची जणू पहिली नोंद आहे. तेवीस वर्षांनी तिची शेवटची नोंद झाली, तेव्हाही अक्षर तेच होते.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि मराठवाड्यातील विद्यार्थ्याला तो टाळता येत नाही. आमचा बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. सतरा सप्टेंबरला आमच्या शाळांतून हैदराबाद मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. रझाकारांच्या जुलुमाच्या आठवणी मराठवाड्यात अजूनही निघतात. अशा मुलखात वाढलेल्या मुलाने निजामाच्या सैन्यातील अधिकाऱ्याला आपला वीर कसे मानावे? आमच्या वसतिगृहात या विषयावर एका रात्री बराच वाद झाला.

त्यावर माझे उत्तर असे. पहिली गोष्ट, रझाकार ही कासिम रझवी यांची निमलष्करी संघटना होती आणि निजामाचे नियमित सैन्य निराळे होते. दोन्ही निजामाच्याच राजवटीत वावरत होती म्हणून ती एक ठरत नाहीत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने पोलीस कारवाई सुरू केली, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली आणि संस्थान भारतात विलीन झाले. पुढे संस्थानी सैन्य मोडण्यात आले आणि त्यातील निवडक अधिकाऱ्यांना भारतीय सेनेने आपल्यात घेतले. तारापोर त्यांपैकी एक होते. १९५१ च्या एप्रिलमध्ये ते पूना हॉर्स या रेजिमेंटमध्ये रुजू झाले. नव्या राष्ट्राने जुन्या संस्थानच्या अधिकाऱ्यावर विश्वास टाकला आणि त्या अधिकाऱ्याने तो चौदा वर्षे रोजच्या कामाने व शेवटी प्राण देऊन खरा केला. आपला देश केवळ नकाशावरची संस्थाने जोडून एक झाला नाही. अशी माणसेही जोडावी लागली. विलीनीकरण हा शब्द आपण परीक्षेत दहा गुणांसाठी लिहितो. तारापोर यांचे चरित्र वाचताना त्या शब्दाचा अर्थ मला प्रथम कळला.

पूना हॉर्स : शिलेदारापासून रणगाड्यापर्यंत

तारापोर ज्या रेजिमेंटमध्ये आले तिची थोडी ओळख करून घेणे अगत्याचे आहे. कारण घोडदळात रेजिमेंट हेच अधिकाऱ्याचे घर असते.

१८१७ च्या जून महिन्यात इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाच्या गळी पुणे तहाच्या अटी उतरवल्या. त्या अटींनुसार पेशव्याने तोडून दिलेल्या मुलखाच्या उत्पन्नावर एक घोडदळ उभे करण्यात आले. हेच पुढचे पूना हॉर्स. इतिहासाचा खेळ असा, की पेशव्याच्या पैशाने उभ्या राहिलेल्या या घोडदळाची एक तुकडी १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावच्या लढाईत पेशव्याच्याच फौजेविरुद्ध उभी होती. त्याकाळी हे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. आपले घोडे व सामान घेऊन येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, हा फरक मराठ्यांच्या इतिहासात आपण शिकतोच. ८ फेब्रुवारी १८५७ रोजी इराणमधील खुशाबच्या लढाईत या घोडदळाने नाव कमावले. पहिल्या महायुद्धानंतर दोन रिसाले एकत्र करून आजच्या रेजिमेंटची घडण झाली व तिला सतरा हा क्रमांक मिळाला. पुढे घोडे गेले आणि रणगाडे आले.

घोडे गेले तरी शब्द राहिले. चिलखती दलात शिपायाला आजही ‘सवार’ म्हणतात. हवालदाराच्या जागी ‘दफेदार’ आणि सुभेदाराच्या जागी ‘रिसालदार’ असतो. घोडा लोखंडाचा झाला, पण त्यावर बसणारा सवारच राहिला. १९६५ च्या युद्धात तारापोर ज्या रणगाड्यात होते त्याचे नाव ‘खुशाब’ होते. म्हणजे एकशेआठ वर्षांपूर्वीची घोड्यांची लढाई नावाच्या रूपाने त्या पोलादावर लिहिलेली होती.

लोखंडी घोड्याचे शिक्षण

रणगाडा म्हणजे नेमके काय, हे मला पुस्तकांतून कळले नव्हते. नगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, लष्करी हद्दीत १९९४ साली रणगाड्यांचे संग्रहालय झाले आहे. चिलखती दलाचे शिक्षणकेंद्रही याच शहरात आहे. सहलीच्या निमित्ताने ते संग्रहालय पाहण्याचा योग आला. तेथे ब्रिटिश बनावटीचा सेंच्युरियन आणि अमेरिकन बनावटीचा पॅटन हे दोन्ही पाहावयास मिळतात. आमच्या घरी ट्रॅक्टरसुद्धा भाड्याने येतो. त्यामुळे पन्नास टनांचे ते यंत्र पाहून प्रथम मी त्याच्या वजनाचाच हिशोब करीत राहिलो.

सेंच्युरियनमध्ये चार माणसे असतात : चालक, तोफची, गोळे भरणारा व बिनतारी यंत्र सांभाळणारा, आणि चौथा रणगाड्याचा प्रमुख. चालकाला समोरचे थोडेसे दिसते. तोफचीला दुर्बिणीतून दिसते तेवढेच दिसते. गोळे भरणाऱ्याला बाहेरचे जवळजवळ काहीच दिसत नाही. चौघांच्या वतीने पाहण्याचे काम प्रमुखाचे. झाकण लावून तो आत बसला तर सुरक्षित राहतो, पण त्याची दृष्टी आखूड होते. झाकण उघडून डोके व छाती बाहेर काढली तर चारी बाजूंचा मुलूख दिसतो, आणि शत्रूला तो दिसतो. पूना हॉर्सच्या आठवणींत असे सांगितले जाते, की लढाईत प्रमुखांनी झाकण लावून बसू नये हा तारापोर यांचा दंडक होता आणि त्यांनी स्वतः तो कधी मोडला नाही. ‘नेतृत्व’ या विषयावर भाषणे पुष्कळ होतात. रणगाड्याच्या उघड्या झाकणाने मला त्याचा अर्थ अधिक सोपा करून सांगितला. ज्याने सर्वांसाठी पाहायचे, त्याने सर्वांहून अधिक उघड्यावर उभे राहायचे.

सेंच्युरियनचे शिक्षण घेण्यासाठी तारापोर यांना इंग्लंडला पाठवण्यात आले होते. परत आल्यावर त्यांनी ती विद्या आपल्या रेजिमेंटला दिली. पाकिस्तानकडील पॅटन हा सेंच्युरियनपेक्षा नवा आणि त्याची मोठी ख्याती होती. पण लढाईत यंत्राच्या नवेपणापेक्षा ते चालवणाऱ्या हातांची सवय अधिक कामी येते. धुळीत, हादऱ्यांत, समोरून गोळा येत असताना तोफचीने नेम धरायचा, गोळा भरणाऱ्याने विनाविलंब पुढचा गोळा भरायचा, हे काम ऐनवेळी सुचत नाही. ते आधी शेकडो वेळा केलेले असावे लागते. ज्यांना आपण पराक्रम म्हणतो त्या सहा दिवसांची नांगरट अशी वर्षानुवर्षे आधी झाली होती. शेतकऱ्याच्या पोराला हे सांगायला नको. पेरणी एका दिवसात होते, पण जमीन एका दिवसात तयार होत नाही.

११ ते १६ सप्टेंबर १९६५

१९६५ च्या ऑगस्टमध्ये पाकिस्तानने काश्मीरमध्ये घुसखोर पाठवले आणि १ सप्टेंबरला छांब भागात उघड हल्ला केला. ६ सप्टेंबरला भारतीय सेनेने लाहोरच्या दिशेने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली. त्यावेळी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री होते आणि संरक्षणमंत्री आपले यशवंतराव चव्हाण होते. ८ सप्टेंबरला सियालकोट भागात दुसरी आघाडी उघडण्यात आली. या आघाडीवर पहिल्या चिलखती डिव्हिजनबरोबर पूना हॉर्स होती आणि तिचे कमांडंट लेफ्टनंट कर्नल तारापोर होते. सियालकोटकडून पसरूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरील चविंडा या ठिकाणाकडे रोख होता. त्याआधी फिलोरा घ्यावे लागणार होते.

११ सप्टेंबरला फिलोरावरील चढाईत मुख्य चिलखती मुसंडीचे काम पूना हॉर्सकडे आले. समोरून तोंड देण्याऐवजी फिलोरा आणि चविंडा यांच्या मधून घुसून पाठीमागून गाठावे, असा बेत होता. रेजिमेंट पुढे सरकत असता वझीरअलीच्या बाजूने शत्रूच्या रणगाड्यांनी जोराचा प्रतिहल्ला केला. तारापोर यांनी जागा सोडली नाही. शत्रूची चढाई त्यांनी थोपवली आणि एक स्क्वाड्रन व पायदळाची मदत घेऊन फिलोरावर चाल केली. शत्रूच्या रणगाड्यांचा व तोफांचा मारा अखंड चालू होता. या धुमश्चक्रीत ते जखमी झाले. त्यांना मागे नेण्याची तयारी झाली तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. त्याच दिवशी फिलोरा भारतीय सेनेच्या हाती आले.

१४ सप्टेंबरला त्यांनी रेजिमेंट वझीरअलीवर नेली आणि ते ठिकाण घेतले. अंगावर जखम होतीच. १६ सप्टेंबरला जस्सोरान आणि बुत्तुर डोग्रांडी या गावांवर चढाई झाली. ही गावे हाती आली म्हणजे चविंडाला मागून वेढा पडणार होता. शत्रूनेही हे ओळखले होते आणि त्याने तेथे आगीचा पाऊस पाडला. तारापोर यांच्या रणगाड्याला अनेक गोळे लागले, तरी दोन्ही ठिकाणी त्यांनी आपली पकड ढिली होऊ दिली नाही. त्यांचा धीर पाहून रेजिमेंट तुटून पडली. परमवीरचक्राच्या मानपत्रानुसार या लढायांत पूना हॉर्सने शत्रूचे सुमारे साठ रणगाडे निकामी केले आणि स्वतःचे नऊ गमावले. याच दिवशी तारापोर यांना प्राणघातक जखम झाली आणि ते धारातीर्थी पडले. वय बेचाळीस वर्षे होते.

अखेरची निरवानिरव

लढाई सुरू होण्याच्या आधी तारापोर यांनी आपले सहकारी मेजर चीमा यांना काही गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. आपण पडलो तर रणभूमीवरच दहन करावे. प्रार्थनेचे पुस्तक आईला द्यावे, गळ्यातील सोन्याची साखळी पत्नीला, अंगठी मुलीला आणि मनगटातील कडे, घड्याळ व लेखणी मुलाला द्यावी.

या यादीवर मी पुष्कळ विचार केला. यात एकही मोठे वाक्य नाही. देश, धर्म, कीर्ती यांपैकी कशाचा उल्लेख नाही. प्रवासाला निघणारा गृहस्थ जशी घराची निरवानिरव करतो, तशी ही निरवानिरव आहे. मृत्यूची खात्री नसताना पण शक्यता पुरती ओळखून ज्याने हे सांगितले, त्याचे मन किती स्वच्छ असेल! शौर्य म्हणजे भय नसणे, अशी आपली समजूत असते. या यादीवरून मला वाटते, की भयाचा हिशोब आधीच चुकता करून कामाला लागणे म्हणजे शौर्य.

दहनाची इच्छाही विचार करण्यासारखी आहे. पारशी परंपरेत मृतदेह दख्म्यात ठेवण्याचा रिवाज आहे. धर्माचे पुस्तक शेवटपर्यंत जवळ बाळगणाऱ्या या माणसाने स्वतःसाठी मात्र आपल्या सवारांसारखाच निरोप मागितला. त्यांच्या इच्छेप्रमाणे रणभूमीवरच त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले.

दोन गावांची आडनावे

बुत्तुर डोग्रांडीच्या लढाईत पूना हॉर्सच्या जोडीला आठवी गढवाल रायफल्स ही पायदळ पलटण होती. या पलटणीचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल झिराड हेही याच लढाईत कामी आले. झिराड हे बेने इस्रायल समाजातील आडनाव अलिबागजवळच्या झिराड गावावरून आलेले आहे. बेने इस्रायल हे शतकानुशतके कोकणात राहिलेले, मराठी बोलणारे ज्यू आहेत.

म्हणजे पंजाबातील त्या एका लढाईत भारतीय सेनेचे जे दोन अधिकारी आपापल्या रेजिमेंटच्या अग्रभागी पडले, त्यांतील एक पारशी व दुसरे ज्यू. एकाचे आडनाव मुंबईच्या उत्तरेकडील कोकणातल्या गावाचे, दुसऱ्याचे मुंबईच्या दक्षिणेकडील गावाचे. दोन्ही समाज संख्येने अगदी लहान. हे लोक आपले की परके, असे विचारणाऱ्यांना या दोन आडनावांखेरीज वेगळे उत्तर देण्याची गरज नाही.

परमवीरचक्राचीही कथा अशीच आहे. त्या पदकाचा आराखडा सावित्रीबाई खानोलकर यांनी केला. जन्माने त्या युरोपियन होत्या, विक्रम खानोलकर या मराठी सेनाधिकाऱ्याशी विवाह करून त्या भारतीय झाल्या. ज्या दधीची ऋषींनी वज्र घडवण्यासाठी आपल्या अस्थी दिल्या, त्यांच्या कथेतील इंद्राचे वज्र त्यांनी पदकावर चार वेळा कोरले. ते कांस्य धातूचे आहे. सर्वोच्च पदक सोन्याचे नाही, हे मला फार योग्य वाटते. १९६५ च्या युद्धात ते दोघांना मिळाले, आणि दोघांनाही मरणोत्तर : हवालदार अब्दुल हमीद आणि लेफ्टनंट कर्नल तारापोर.

विजय कोणता?

अभ्यासलेखात गैरसोयीचे प्रश्नही यावयास हवेत. एका मित्राने मला विचारले, “चविंडा शेवटी घेतले का?” उत्तर नकारार्थी आहे. २३ सप्टेंबरला युद्धविराम झाला तेव्हा चविंडा पाकिस्तानच्याच ताब्यात होते. पुढे १० जानेवारी १९६६ रोजी ताश्कंद येथे करार झाला आणि दोन्ही देशांनी जिंकलेली भूमी परत केली. फिलोराही परत गेले. मग तारापोर कशासाठी पडले?

प्रश्न कडू आहे, पण रास्त आहे. जिंकलेल्या एकरांवर लढाईचा हिशोब मांडला तर हाती शून्य येते. निकामी रणगाड्यांचे आकडेही दोन्ही देश वेगवेगळे सांगतात, कारण आकडे सांगणे हाही युद्धाचाच एक भाग असतो. परंतु सियालकोट आघाडीवर पाकिस्तानचे चिलखती सामर्थ्य अडकून पडले आणि झिजले, ही गोष्ट राहते. युद्ध टेबलावर संपले, पण त्या टेबलाशी आपण मान ताठ ठेवून बसलो यामागे फिलोराचे मैदान होते.

आणि त्याहून एक गोष्ट मागे राहिली, ती म्हणजे रेजिमेंटची रीत. सहा वर्षांनी, १६ डिसेंबर १९७१ रोजी, बसंतरच्या लढाईत याच पूना हॉर्सच्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल या एकवीस वर्षांच्या अधिकाऱ्याने पेटलेला रणगाडा सोडण्यास नकार दिला आणि तोफ चालू आहे तोवर लढत राहून प्राण दिला. त्यालाही परमवीरचक्र मिळाले. खेत्रपाल रेजिमेंटमध्ये आले तेव्हा तारापोर यांना जाऊन सहा वर्षे होत आली होती. पण मागे न फिरण्याचा पाठ त्यांनी रेजिमेंटला घालून दिला होता, आणि चांगला शिक्षक वर्गातून गेल्यावरही त्याचा वर्ग चालू राहतो.

समारोप

तारापोर यांच्या नावाने शिपिंग कॉर्पोरेशनचे एक तेलवाहू जहाज होते. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधील एकवीस बेटांना परमवीरांची नावे देण्यात आली, त्यांत त्यांचेही नाव आहे. हा गौरव उचितच आहे. परंतु जहाज व बेट आपल्यापासून दूर असतात. आपल्याजवळ काय राहावे?

आमच्या भागातून दरवर्षी शेकडो मुले सैन्यभरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात. त्यांतले बहुतेक माझ्यासारखेच आहेत. घरात कॉलेजची पायरी प्रथम चढलेले, किंवा तीही न चढलेले. त्यांना आपण शेवटच्या क्षणाचे पोवाडे पुष्कळ ऐकवतो. अधिकारी होण्यासाठी परीक्षा असते, ती पदवी घेऊन देता येते, तिचा अभ्यास कसा करावा, हे मात्र कुणी सांगत नाही. अधिकारी हा निराळ्या घरात जन्माला येतो, असे आम्ही धरून चाललेले असतो. तारापोर यांच्या सेवेकडे पाहिले तर अधिकारी जन्माला येत नाही, तो घडतो, हे स्पष्ट दिसते. अभ्यासात साधारण असलेला एक विद्यार्थी अठराव्या वर्षी पायदळात जातो, नको असलेले कामही नीट करतो, हवे ते काम मागून घेतो, ते परदेशी जाऊन शिकतो, परत येऊन इतरांना शिकवतो, आणि मग एके दिवशी प्रसंग येतो तेव्हा तो तयार असतो.

आपल्यापैकी फार थोड्यांच्या वाट्याला असे सहा दिवस येतील. तेवीस वर्षे मात्र प्रत्येकाच्या वाट्याला आहेत. शाळेत, कचेरीत, शेतात, दवाखान्यात. त्या वर्षांत हाताखालच्या माणसाची चूक आपण अंगावर घेतो की त्याच्या अंगावर ढकलतो, पाहण्याची जबाबदारी आली की झाकण उघडे ठेवतो की लावून घेतो, याचीच नोंद होत असते. ती नोंद चोख असेल, तर या घोडदळ अधिकाऱ्याचे चरित्र आपण नुसते वाचले नाही, समजून घेतले, असे म्हणता येईल.